नकाशात नसलेली परांची

१ ऑगस्ट २०२३ हा दिवस महाराष्ट्राच्या बांधकामक्षेत्रात तीन ठिकाणी नोंदला गेला, आणि या तीन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून कुणी फारशा वाचल्या नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अजस्र लाँचर कोसळलं आणि २० जण गेले. त्याच तारखेपासून महारेराचा नवा नियम लागू झाला. घरांच्या प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड हवा, म्हणजे गिऱ्हाइकानं फोन समोर धरला की प्रकल्पाची कुंडली उघडेल. आणि संध्याकाळी, दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात म्हसोबावाडीला, शंभर फुटांहून खोल विहिरीत रिंगचं काम करणाऱ्या चौघांवर कडा ढासळला. माणसं घरी परतली नाहीत तेव्हा शोधाशोध सुरू झाली. त्यांच्यापर्यंत पोचायला बचाव पथकाला जवळपास तीन दिवस लागले.

फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती त्या दिवशी दुर्बीण आली. विहिरीत उतरणारा किती वाजता उतरला आणि वर आला की नाही, हे लिहून ठेवायची मात्र आपल्याकडे रीतच नाही. त्यासाठी ना दुर्बीण लागते, ना क्यूआर कोड. दोन रकान्यांची वही पुरते.

बांधकाम व्यवस्थापन आणि सुरक्षा शिकणाऱ्या मुलांना ‘डिजिटल कौशल्यं’ द्यायची, हा आता प्रत्येक तंत्रशिक्षण परिसंवादातला ठराव झाला आहे. ठरावाला विरोध करण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो कोणती कौशल्यं, आणि ती कुठून सुरू करायची हा. त्याचं उत्तर पुण्यातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून शोधलं तर एक येतं आणि शिरूर-दौंडच्या रस्त्यावरून पाहिलं तर दुसरंच.

हे दोन तालुके शेजारी, मध्ये भीमा. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथून नगर रस्त्यानं पुण्याकडे निघालं की रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी असा कारखान्यांचा पट्टा लागतो. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. जवळ कुरकुंभची रसायनांची औद्योगिक वसाहत, सोलापूर रस्त्यावर पाटस, केडगाव, यवत, आणि आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या. दोन्हीकडे एक दृश्य समान आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत हेल्मेट, जॅकेट, पट्टा, परवाना. फाटकाबाहेर, त्याच कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्यांचा तिसरा मजला चढत असतो, आणि बांबूच्या परांचीवर अनवाणी गवंडी थापी चालवत असतो. कधीकधी तोच माणूस आठवड्यातले चार दिवस आत असतो आणि दोन दिवस बाहेर. आत गेल्यावर त्याला सुरक्षेची अक्कल येते आणि बाहेर आल्यावर जाते, असं तर होत नसणार.

इथली मुलं आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य किंवा सर्वेअर होतात, पदविका घेतात, काही जण अभियांत्रिकी करतात. मग पुण्यात एखादा कॅडचा क्लास. ऑटोकॅड, रेव्हिट, प्रायमाव्हेरा, एमएस प्रोजेक्ट ही नावं बायोडेटावर एका ओळीत बसतात. सुरक्षेकडे वळणारा मुलगा औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा करतो. त्यात कारखान्यांचा कायदा, रसायनं, आग, अपघाताची चौकशी. म्हणजे एकाच साइटवर उद्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे हे दोघे. एकाला वेळापत्रक येतं पण धोका दिसत नाही, दुसऱ्याला धोका दिसतो पण वेळापत्रक उघडता येत नाही.

संगणकशिक्षणाचा महाराष्ट्राला एक मोठा अनुभव आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी तालुक्या-तालुक्यात पोचली. शेतकऱ्याच्या पोरीनं माउस धरला, ही क्रांती लहान नव्हती. तिची टिंगल करणाऱ्यांनी त्या काळी गावात संगणक किती होते ते आठवावं. पण सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडावं लागू लागलं, आणि हळूहळू अनेकांच्या लेखी शिकणं म्हणजे प्रमाणपत्र मिळवणं झालं. बीआयएम, म्हणजे इमारतीचं त्रिमितीतलं माहितीसकट प्रतिरूप, त्याच वाटेनं जाण्याची लक्षणं दिसतात. सॉफ्टवेअरचं नाव माहीत, बटणं माहीत, साइटवर ते कुणासाठी उघडायचं हे माहीत नाही.

खरी अडचण त्याहून खोल आहे. नकाशा असतो तयार इमारतीचा, आणि माणसं मरतात अर्धवट इमारतीत.

पुणे परिसरातले गेल्या काही वर्षांतले अपघात या नजरेनं पाहावेत. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी, पावसात, कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. मजुरांच्या त्या खोल्या इमारतीच्या कुठल्या नकाशात असतात? ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात शास्त्रीनगरला एका बांधकामावर सळयांची जड जाळी खाली आली आणि पाच मजूर दगावले. काँक्रीट पडेपर्यंत ती जाळी ज्यावर उभी असते, तो आधार मंजूर आराखड्यात सहसा नसतो. सरळांब्याचं लाँचर हे तर नुसतं यंत्र. एक टप्पा झाला की ते पुढच्या खांबावर सरकणार. म्हसोबावाडीच्या विहिरीचा उघडा कडा रिंग पूर्ण झाली की झाकला जाणार. परांची, सेंट्रिंग, टेकू, खड्डा, क्रेनचा फिरता हात, लेबर कॅम्प या सगळ्या गोष्टी तात्पुरत्या. पदविकेचा मुलगा तीन वर्षं जे काढायला शिकतो ते उरणारं असतं. जे काही दिवस टिकून नाहीसं होणार, ते काढायला त्याला कुणी सांगत नाही.

महाराष्ट्र या तंत्रात मागे आहे असं नाही. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोनं पाच मितींचं बीआयएम वापरलं. लांबी, रुंदी, उंची या तीन, चौथी वेळ, पाचवी खर्च. गर्डर कधी चढणार आणि त्या दिवशी किती पैसे जाणार, हे पडद्यावर आधी दिसतं. चांगलीच गोष्ट आहे. काही अभ्यासक मिती पुढेही मोजत जातात: सहावी पर्यावरणाची, सातवी देखभालीची, आणि सुरक्षेला ते आठवी म्हणतात. आठव्या नंबरावर का होईना, नाव लागलं.

चौथी मिती मात्र सुरक्षेच्या विद्यार्थ्याला आजच उपयोगी आहे, आणि ती शिकवायला रेव्हिट लागत नाही. सेंट्रिंग काढण्याचं उदाहरण घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात टेकू कधी काढायचे ते दिलं आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४, त्यापुढे २१. स्प्रेडशीटचा पहिला धडा इथंच आहे. एका रकान्यात स्लॅब भरल्याची तारीख, दुसऱ्यात गाळ्याची लांबी, तिसऱ्यात सूत्र. तारीख आपोआप येते, उलटायच्या आत काम दिसलं तर चौकट लाल होते. आयटीआयचा मुलगा हे दुपारभरात शिकतो.

आणि त्या दुपारीच मास्तरांनी त्याला खोटं पाडावं. कारण हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत आणि हवा १५ अंशांच्या खाली गेलेली नाही असं धरून दिले आहेत. शिरूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली उतरतो. गावातल्या दुकानातून येणारी गोणी बहुतेक वेळा पीपीसीची, राखमिश्रित सिमेंटची असते. तिला ताकद सावकाश येते. म्हणजे सूत्र बरोबर, तारीख चूक. गोणीवर काय छापलंय हे वाचायला मुलाला उठून साइटवर जावं लागतं. तिथं मिस्त्री त्याला तिसरी गोष्ट सांगतो, जी कुठल्याच मानकात नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात. रोजाचं भाडं चढत असतं, आणि दुसऱ्या गावातला स्लॅब त्याच प्लेटांची वाट पाहत थांबलेला असतो. पाचव्या दिवशी सेंट्रिंग खोलण्यामागे अडाणीपणा क्वचितच असतो. बहुधा हिशेब असतो. चौथ्या रकान्यात भाडं आणि पाचव्यात पुढच्या कामाची तारीख टाकली की वेळापत्रक आणि धोका एकाच कागदावर येतात. मग बोलणी ‘नियम पाळा’ अशी न होता ‘प्लेटांचा दुसरा संच आठ दिवस आणला तर किती पडेल’ अशी होतात. बांधकाम व्यवस्थापनाचा तास आणि सुरक्षेचा तास वेगळे का ठेवले आहेत, असा प्रश्न या टप्प्यावर विद्यार्थ्यांनीच विचारायला हवा.

खड्ड्याचंही तसंच. खोदकामाच्या सुरक्षेचं मानक, आयएस ३७६४, सांगतं की मातीतला चर दीड मीटरहून खोल गेला की बाजूंना आधार द्यावा. दीड मीटर म्हणजे पाच फूट, माणसाच्या खांद्याएवढं. गावात ड्रेनेजचा चर, शेततळं, पाण्याची टाकी, विहीर यांच्यासाठी रोज कुठं ना कुठं याहून खोल खणलं जातं. भीमाकाठची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. खाली मुरूम, त्याखाली खडक. हे थर मास्तरांपेक्षा जेसीबीच्या ड्रायव्हरला जास्त ठाऊक असतात. विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. त्या सोयीनं उताराचा कोन मोजायचा, टेप लावून खोलीचा फोटो काढायचा, वेळ आणि जागा त्या फोटोवर उमटू द्यायची, मातीला भेग दिसली तर पेन शेजारी ठेवून तिचा जवळून फोटो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा. दोन फोटो शेजारी ठेवले की कडा हलला की नाही ते कळतं.

याच सरावात साधनाची मर्यादाही शिकवता येते. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. फोटो कुठल्या साइटचा हे सांगायला तो पुरतो; कॉलमचं केंद्र आखायला घेतला तर घर शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. तिथं टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हवं, आणि टोटल स्टेशनवरही विश्वास टाकण्याआधी ओळंबा सोडून पाहणारा मिस्त्री मूर्ख नसतो. ओळंबा, गुण्या, लाइनदोरी ही मोजमापाचीच यंत्रं आहेत. बॅटरी नसल्यामुळे ती जुनाट ठरत नाहीत.

ड्रोनविषयी वेगळं बोलायला हवं, कारण ड्रोन म्हटलं की महाविद्यालयांचे डोळे चमकतात. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा देशातला पहिला प्रयोग दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावात झाला. पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोननं तिथं काम साधलं, कारण प्रश्न नेमका होता: कुणाचं घर कुठं संपतं. शेवटी मिळकतपत्रिका घरमालकाच्या हातात पडणार होती. साइटवर ड्रोन उडवून काढलेली चित्रफीत मात्र बहुधा संस्थेच्या वर्धापनदिनाला दाखवली जाते.

आता या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. नोंद डिजिटल झाली म्हणून खरी होते का?

होत नाही, आणि महाराष्ट्राला हे जितकं माहीत आहे तितकं क्वचित कुणाला असेल. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. इंजिनिअर खात्यातले कर्मचारी मजुरांच्या नावावर कशी लबाडी करतात, यावर त्यांनी पवाडा रचला, तो काही ऐकीव माहितीवर नव्हे. शंभर वर्षांनी दुष्काळाच्या पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि ‘बोगस मस्टर’ हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला. मग मस्टर फोनवर गेलं. केंद्राच्या रोजगार हमीत २०२३ पासून कामाच्या जागेवरचा फोटो टाकून दिवसातून दोनदा हजेरी सक्तीची झाली. २०२५ च्या जुलैत ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो टाकले जात आहेत, कुठं तर आधीच्या फोटोचा फोटो काढून चढवला जातो आहे. वहीतल्या खोट्या अंगठ्याची जागा पडद्यावरच्या फोटोच्या फोटोनं घेतली.

साइटवरही फोटोपुरतं हेल्मेट हा प्रकार सर्वांना माहीत असतो. सकाळचा टीबीटी, म्हणजे कामाआधीची पाच मिनिटांची सुरक्षेची बैठक, ही पुष्कळदा रांगेत उभं राहून फोटो काढण्याची बैठक असते. फोटो गटावर गेला की रांग मोडते. इथं विद्यार्थ्याला जे शिकवायचं ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत मिळत नाही: नोंद खोटी कशी करता येते, आणि खोटी नोंद ओळखायची कशी. सलग ३० दिवस शून्य ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, दाखवणारा तक्ता दिसला की शाबासकी देण्याऐवजी त्याच्या मनात शंका यावी. सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत सावली एकाच बाजूला का? पावसाच्या दिवशी बूट कोरडे का? परीक्षेत असे दहा तक्ते द्यावेत, त्यातले चार बनावट ठेवावेत आणि कोणते ते शोधायला सांगावं. तोंडपाठ व्याख्यांपेक्षा हा पेपर अवघड जाईल.

कॅमेऱ्याचाही विचार याच अंगानं करायचा. सिंगापूरनं जून २०२४ पासून ५० लाख सिंगापूर डॉलर आणि त्यावरच्या बांधकामांवर कॅमेरे सक्तीचे केले आहेत. आपल्याकडच्या मोठ्या साइटवरही हेल्मेट न घालणारा माणूस ओळखणारे संगणकीय डोळे येत आहेत. डोकं आणि हेल्मेट ओळखणं यंत्राला सोपं. टेकूखालची फळी रुतते आहे हे ओळखणं अवघड. त्यामुळे पाहणी होते ती मजुराची, आणि दंडही त्यालाच. टेकू कुणी कमी आणले हा प्रश्न कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहतो. डेटा कुणाकडे रोखलेला आहे, हे विचारायची सवय अभ्यासक्रमातून लागली नाही तर सुरक्षा अधिकारी म्हणजे टॅबलेट घेतलेला मुकादम होईल.

उलट टोकाचं उदाहरण लंडनचं. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. चौकशीत कळत गेलं की इमारतीला काय बसवलं, कुणी ठरवलं, याची माहिती विखुरलेली होती. २०२२ च्या कायद्यानं तिथं उंच इमारतींसाठी ‘सोनेरी धाग्या’ची अट आली. आराखड्यापासून राहणाऱ्यापर्यंत माहितीचा एकच अखंड, डिजिटल धागा, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला जबाबदार असलेलं माणूस. जबाबदार माणसाचं नाव जोडल्यावर त्या धाग्याला जोर आला. नुसत्या फाइलींना तो नव्हता.

असा धागा दौंडच्या लोकांना अगदी परका नाही. रेल्वेत फाटकवाला आणि स्टेशनमास्तर यांच्यात ‘प्रायव्हेट नंबर’ची जुनी पद्धत आहे. मास्तर गाडी येत असल्याचं फोनवर सांगतो, फाटक लागलं की फाटकवाला उलट एक क्रमांक देतो, दोघंही तो आपापल्या वहीत लिहितात. ऐकलं, समजलं आणि केलं, या तिन्हींचा पुरावा एका आकड्यात. रुळांवर काम करायचं तर ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. तो मिळाल्याशिवाय गाडी थांबेल अशी आशा धरून कुणी रूळ उचकटत नाही. कुरकुंभच्या कारखान्यांत टाकीत उतरायचा परवाना, रांजणगावात उंचीवरच्या कामाचा परवाना, हे त्याच जातीचं. म्हणजे परवान्याची, उलट कबुलीची संस्कृती या दोन तालुक्यांतल्या हजारो घरांत आहे. बाप रेल्वेत, काका कंपनीत. महाविद्यालयांनी निवृत्त स्टेशनमास्तरांना दोन तासांसाठी बोलावलं तर परदेशी अॅपच्या सादरीकरणापेक्षा जास्त पदरात पडेल. विहिरीत उतरणाऱ्या टोळीनं एका गटावर ‘चार उतरले’ असा संदेश टाकायचा, घरच्या कुणीतरी त्याला क्रमांक द्यायचा, ठरल्या वेळी ‘चार वर’ आलं नाही तर फोन लावायचा. ढासळणारा कडा याने थांबत नाही. पण चौकशी रात्रीची वाट पाहत नाही.

कायद्याचा हात इतक्या खालपर्यंत येत नाही, हेही मुलांना स्वच्छ सांगायला हवं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचा उंबरठा दहा कामगारांचा, आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता तो ५०० कामगारांच्या साइटवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेत बांधकामासाठी ही संख्या अडीचशेवर आली. सुधारणा आहेच. पण चौघांच्या टोळीची विहीर, सहा जणांचं दुमजली घर, मंदिराचा सभामंडप, गुऱ्हाळाची शेड हे सगळं उंबरठ्याच्या अलीकडे राहतं. बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ नोंदीत मजुराला सुरक्षा संचाची पेटी देतं. तिच्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ऑनलाइन ओळख पटवताना सिमेंटनं झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटत नाही. पेटीतलं हेल्मेट पुष्कळदा दुचाकीवर दिसतं, आणि तेही काही वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

अडीचशेच्या आतल्या या जगात सुरक्षा अधिकारी कुणीच नसतो. असतो तो गावातला पदविकाधारक, ज्याला लोक हक्कानं ‘इंजिनिअर’ म्हणतात, जो नकाशा काढून देतो आणि अधूनमधून चक्कर मारतो. डिजिटल शिक्षणातून घडवायचं असेल तर या माणसाला घडवावं. त्याला पाच मितींचं प्रतिरूप परवडणार नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला तर नाहीच. पण घराच्या नकाशासोबत आणखी एक पान देणं त्याला जमेल: परांची कुठं बांधायची, विजेची तार किती लांब आहे, जिन्याचं भोक कशानं झाकायचं, विटांचा ढीग खड्ड्यापासून किती दूर, टेकू कोणत्या तारखेपर्यंत हलवायचे नाहीत. ते पान गवंड्याच्या फोनवर मराठीत, बिहारहून आलेल्या सळईवाल्याला हिंदीत आवाज रेकॉर्ड करून. अर्ध्या मिनिटात समजेल असं बोलणं हेही कौशल्यच, आणि त्याला गुण द्यावे लागतील, नाहीतर कुणी शिकणार नाही.

मोठी कंपनी असली मुलं घेणार नाही, तिला प्रायमाव्हेरा येणारी हवीत, असं प्राचार्य म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. नोकरीची जाहिरात सॉफ्टवेअरच्या नावानंच निघते. म्हणून रेव्हिट आणि प्रायमाव्हेरा शिकवूच नयेत असा हट्ट कुणी धरू नये. ती शिकवताना सरावाचं उदाहरण बदललं तरी पुष्कळ साधेल. बारा मजली टॉवरच्या सुबक प्रतिरूपाऐवजी त्याच टॉवरचा सातव्या मजल्याचा स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळचा देखावा उभा करायला सांगावं. परांचीसकट, उघड्या लिफ्टच्या खड्ड्यासकट, खाली झोपलेल्या मजुरांच्या खोल्यांसकट. सॉफ्टवेअर तेच राहील, डोळा वेगळा तयार होईल.

याला मुहूर्त शोधायची गरज नाही. नगर रस्त्यावर पुण्यापासून शिरूरपर्यंत उन्नत मार्ग आणि सोलापूर रस्त्यावर हडपसर ते यवत सहापदरी रस्ता आणि उड्डाणपूल, असे दोन मोठे प्रकल्प शासनानं हाती घेतले आहेत. म्हणजे सरळांब्याला होतं तसं गर्डर, क्रेन, रात्रपाळी आणि शेतात उभे राहणारे लेबर कॅम्प हे सगळं या दोन तालुक्यांच्या डोक्यावर येणार. सुरक्षा अधिकारी कंत्राटदाराबरोबर बाहेरून येतील. ओढा कुठून फुटतो, कोणत्या जुन्या भिंतीला पाणी लागतं, कोणत्या गायरानात तीन फूट पाणी साठतं, हे त्यांना ठाऊक नसेल. ते शिरूर-दौंडच्या मुलांना ठाऊक आहे, किंवा आजोबांना विचारून कळेल. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शेवटच्या वर्षाच्या एका तुकडीनं चार रविवार दोन्ही रस्ते पायी धरले, कॅम्प पडू शकेल अशी प्रत्येक मोकळी जागा फोनवर टिपली, शेजारच्या शेतकऱ्याला मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं ते विचारलं, जवळची भिंत, ओढा आणि उच्चदाबाची तार तिच्यासमोर लिहिली, तर कुठल्याच निविदेत नसलेला एक नकाशा तयार होईल. तो मे महिन्याच्या आत मुकादमांच्या फोनवर पोचायला हवा.